पर्शियन मांजर आणलंय? आधी कंगवा घ्या

पिल्लू लहान असलं तरी विंचरायची सवय आजपासूनच लावा. नुसता वरवर ब्रश फिरवला की पाठ छान दिसते, पण खालची मऊ लव तशीच गुंतत राहते. रुंद दातांचा स्टीलचा कंगवा घ्या आणि केस बोटांनी बाजूला करत पार कातडीपर्यंत न्या. रोज पाच-दहा मिनिटं पुरतात. गुंता धरतो तो पुढच्या पायांच्या काखेत, कानामागे, पोटावर आणि शेपटीखाली, म्हणून तिथे आधी चाचपून बघा.

गाठ लागली तर तिच्या मुळाशी केस चिमटीत धरा, म्हणजे कातडी ओढली जात नाही. मग टोकाकडून थोडं थोडं सोडवा. कात्री मात्र अजिबात नको! मांजराची कातडी पातळ असते, गाठीबरोबर वर उचलली जाते आणि कापली जाते. घट्ट गोळाच झाला असेल तर डॉक्टरांकडून मशीनने काढून घ्या. गुंता न सोडवता आंघोळ घालू नका, भिजल्यावर तो आणखी आवळतो.

चपट्या नाकामुळे डोळ्यांतून पाणी येत राहतं. कोमट पाण्यात पिळलेल्या कापसाने रोज टिपा, दोन्ही डोळ्यांना वेगळा बोळा.

आणि हे कळकळीने सांगते: कुत्र्याचं गोचीड-पिसवांचं औषध मांजराला कधीही लावू नका. त्यातल्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, ते मांजराच्या जिवावर बेततं.