आवाज आधी की चित्र?

प्रश्न: लेक विचारते, कार्टून सिनेमात चित्र आधी काढतात की आवाज आधी घेतात? काय सांगू?

उत्तर: ताई, बहुतेक वेळा आवाजच आधी. १९९२ च्या 'अलादीन'मधला जिनी घ्या ना, अ‍ॅनिमेटर एरिक गोल्डबर्गने विनोदी नट रॉबिन विल्यम्सच्या जुन्या स्टँडअप रेकॉर्डिंगवर जिनी हलवून दाखवला, ते बघूनच रॉबिन रोलकडे ओढला गेला, मग माइकसमोर त्याने मनाचं इतकं काही जोडलं की त्यातलं निवडून निवडून चित्रं काढली. जिनीची ती वाहती, गोलसर रेष अल हर्शफेल्डच्या व्यंगचित्रांवरून घेतलेली, मला फार आवडते ती! आणि लेकीला आरशासमोर 'पापड' म्हणायला लावा, 'प'ला ओठ मिटतात, सेकंदाच्या २४ फ्रेम्समध्ये, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या चित्रांमध्ये, तेही बरोब्बर जागेवर यावं लागतं, नाहीतर आवाज वरून चिकटवल्यासारखा वाटतो.