लेकीला इंग्रजांच्या फौजेचा इतिहास शिकायचाय, पुढे काय?

नमस्कार सुभेदार साहेब,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. थोडक्यात असं, की तुम्ही फौजेतून रिटायर होऊन सातारा जिल्ह्यातल्या गावी राहताय, लेक बीए हिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला इंग्लंडला जाऊन ब्रिटिश आर्मी आणि तिथला समाज ह्या विषयात एमए करायचंय. घरात सगळे म्हणतात एमपीएससी कर. आणि तुम्ही शेवटी लिहिलंय, "ज्यांनी आपल्यावर दीडशे वर्षं राज्य केलं त्यांच्या फौजेचा अभ्यास करून पोरीचं पोट भरणार का, आणि शोभतं का ते?" तुमच्या चावडीच्या भिंतीवरच्या दगडी पाटीचं पण लिहिलंय, ह्या गावातून पहिल्या महायुद्धाला इतके गेले, इतके परत आले नाहीत, एवढंच कोरलेलं, नाव एकाचंही नाही. लेकीला हे वेड त्या पाटीपासून लागलं म्हणता. मला तरी सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच वाटली, त्यामुळे पाटीकडे मी परत येणार आहे.

आधी हा विषय आहे काय ते बघू, कारण बऱ्याच लोकांना वाटतं मिलिटरी हिस्ट्री म्हणजे नकाशावर बाण काढायचे आणि कुठला जनरल कुठे चुकला ते सांगायचं. ते पण असतंच, पण गेल्या पन्नास-साठ वर्षांत इंग्लंडमध्ये ह्या विषयाचं तोंडच फिरलंय. मायकेल हॉवर्ड म्हणून एक इतिहासकार होते, स्वतः दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेले, त्यांनी लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये वॉर स्टडीजचा विभाग उभा केला आणि त्यांचं म्हणणं असं की लढाई समाजापासून सुटी काढून समजत नाही. म्हणजे प्रश्न असे, की फौजेत कोण भरती होतं, का होतं, त्याच्या बायकोपोरांचं काय होतं, तो परत आल्यावर गाव त्याला कसं वागवतं. हे तुम्हाला पुस्तकातून शिकायची गरजच नाही, तुम्ही ते जगलाय.

उदाहरणंच देते. १८३० च्या सुमारास ब्रिटिश आर्मीतल्या शंभर जवानांमागे ४२ जण आयरिश होते, म्हणजे आयर्लंडमध्ये शेत नाही, काम नाही, पोटासाठी राजाची नोकरी. पुढे दुष्काळ पडला, लाखो माणसं मेली, लाखो अमेरिकेला गेली आणि शतक संपेपर्यंत तोच आकडा शंभरात बारा-तेराच्या आसपास आला. आता हे फौजेच्या कागदातून कळलेलं आहे पण ही गोष्ट फौजेची आहे का आयर्लंडची? दोन्हीची. तसंच ऑफिसरांचं, १८७१ पर्यंत तिथे पायदळ आणि घोडदळात कमिशन म्हणजे ऑफिसरची जागा चक्क विकत घ्यायचे, साध्या पायदळ रेजिमेंटमध्ये अगदी खालच्या ऑफिसरची जागा ४५० पौंड आणि लेफ्टनंट कर्नलची ४,५०० पौंड हा सरकारी दर, वरून गुपचूप द्यायचे ते वेगळे. म्हणजे जमीनदाराचा पोरगा हुकूम देणार आणि भुकेला पोरगा तो पाळणार. ही पद्धत मोडायला निघाले तेव्हा तिथल्या वरच्या सभागृहाने बिल अडवलं, शेवटी राणीच्या वॉरंटने म्हणजे थेट तिच्या हुकुमाने ती बंद करावी लागली.

आणि बायका. हे वाचून तुम्ही थांबाल थोडं. पलटण परदेशी निघाली की शंभर जवानांमागे साधारण सहाच बायकांना बरोबर न्यायची परवानगी असायची, आणि कुणाची बायको जाणार ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं. जिची चिठ्ठी नाही निघाली ती पोरं घेऊन मागे राहणार, नवरा कदाचित दहा वर्षांनी येणार, कदाचित नाहीच. फॅमिली क्वार्टरच्या यादीत नाव यायची वाट बघितलेल्या कुठल्याही घराला ह्यातलं काय ते वेगळं समजवावं लागत नाही.

अजून एक किस्सा सांगते कारण तो माझा आवडता आहे. १८९९ ला दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध सुरू झालं तेव्हा इंग्लंडच्या कारखान्याच्या शहरांतून पोरं भरतीला आली आणि त्यातली ढिगाने मेडिकललाच नापास झाली, उंची नाही, छाती नाही, दात किडलेले. तुम्ही भरतीच्या रांगेत उभे राहिला असाल, छाती फुगवून मोजली असेल, तसंच. सरकार हादरलं की जगावर राज्य करतो आणि आपलीच पोरं उपाशी? कमिटी बसली, १९०४ ला रिपोर्ट आला आणि १९०६ ला गरीब मुलांना शाळेत जेवण द्यायची मुभा देणारा कायदा झाला. भरतीच्या टेपपासून शाळेतल्या ताटापर्यंतची ही वाट ज्यांनी जुने कागद चाळून दाखवली ते लोक म्हणजे हे इतिहासकार, आणि तुमच्या लेकीला ते काम करायचंय.

आता तुमचा "शोभतं का" वाला प्रश्न. साहेब, अभ्यास करणं म्हणजे आरती करणं नव्हे. आणि एक फरक लक्षात घ्या, जो शिकलेले लोक पण गोंधळतात, ब्रिटिश आर्मी म्हणजे गोऱ्यांच्या पलटणी आणि ब्रिटिशांच्या काळातली इंडियन आर्मी म्हणजे आपल्या लोकांची, ह्या दोन वेगळ्या फौजा होत्या. पण एकमेकींशिवाय दोघींचाही इतिहास लिहिता येत नाही. १८५७ नंतर दोन हिंदी शिपायांमागे साधारण एक गोरा शिपाई इथे ठेवायचा असं धोरण ठरलं, म्हणून ६०-७० हजार गोरे सतत हिंदुस्तानात, म्हणून तिकडे एक पलटण घरी आणि तिची जोडीदार बाहेर अशी रचना करावी लागली. आपलं देवळाली बघा, तिथे गोरे शिपाई घरी जायच्या बोटीची वाट बघत महिनोन्‌महिने पडून राहायचे आणि वैतागून भ्रमिष्ट व्हायचे, त्यावरून वेडा झाला ह्या अर्थी डुलाली हा शब्द इंग्रजीत गेला तो आजही आहे. विलायतीचं ब्लायटी झालं, आणि पहिल्या महायुद्धात खंदकातला इंग्रज पोरगा घराला ब्लायटी म्हणायचा.

आणि आपल्या समाजाचा इतिहास पण ह्या फौजेच्या कागदात अडकलेला आहे. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ ब्रिटिशांच्या काळातल्या ह्या हिंदी फौजेत सुभेदार, तिथल्याच शाळेत शिकवायचे. मग १८९० च्या दशकात इंग्रजांनी लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती असं खूळ काढून महारांची भरती बंद केली, अर्ज विनंत्या झाल्या, १९१७ ला गरज पडली तेव्हा १११ महार म्हणून पलटण उभी केली, १९२१ ला मोडली, आणि १९४१ ला परत महार रेजिमेंट. एका सरकारी निर्णयाने किती घरांचा पगार, शाळा आणि मान गेला असेल? हे प्रश्न इंग्लंडमध्ये वाढलेला कोणी इतिहासकार तुमच्या लेकीइतक्या आतून विचारू शकणार नाही असं मला मनापासून वाटतं.

आता पाटी. पहिल्या महायुद्धात आपल्या मराठा पलटणी मोठ्या प्रमाणात मेसोपोटेमियात म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. कुत अल अमारा इथे सहाव्या पूना डिव्हिजनला वेढा पडला, त्यात मराठा पलटणी होत्या, जवळजवळ पाच महिने उपासमार, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. त्या भागात मेलेल्यांचं मोठं स्मारक बसऱ्याला आहे. त्याच्यावर ब्रिटिश शिपायांची नावं कोरली, आपल्या ऑफिसरांची पण कोरली, पण साध्या हिंदी शिपायांची नाही. पलटणीखाली नुसता आकडा, अमुक इतके शिपाई. तुमच्या चावडीसारखंच. ह्या असल्या गोष्टी इतिहासकारांनी वर्षानुवर्षं कागद काढून दाखवल्या, तेव्हा कुठे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने, म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेने, २०२१ ला रिपोर्ट काढून कबूल केलं की अंदाजे ४५ ते ५४ हजार जणांची आठवण, ज्यात बहुतेक हिंदी आणि आफ्रिकेतले, गोऱ्यांच्या बरोबरीने जपली गेली नाही आणि निदान एक लाख सोळा हजार तरी असे ज्यांचं नावच कुठे लागलं नाही. ब्रिटनच्या संरक्षण मंत्र्यांनी पार्लमेंटमध्ये माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना. म्हणून ह्या शिक्षणाने काय होतं असं कोणी विचारलं तर मी हे सांगते.

बरं, आता पैसा आणि नोकरी, ह्यात मी काही लपवणार नाही. इंग्लंडमध्ये एमए एक वर्षाचं असतं, बाहेरच्या विद्यार्थ्याला नुसती फी वीस ते तीस हजार पौंडांच्या घरात, लंडन असेल तर राहणं खाणं धरून आकडा अंगावर येतो. आणि तिकडे हिस्ट्रीच्या प्राध्यापकांच्या जागा वाढत नाहीयेत, उलट कमी होतायत. नॅशनल आर्मी म्युझियम, इम्पीरियल वॉर म्युझियम आणि वेगवेगळ्या रेजिमेंटची शंभराहून जास्त छोटी म्युझियम्स आहेत, तिथे काम असतं पण पगार बेताचे आणि व्हिसासाठी जो पगार लागतो तिथपर्यंत ते सहसा पोचत नाहीत. म्हणून घर गहाण ठेवून, कर्ज काढून बीए झाल्या झाल्या पाठवू नका. हे मी हात जोडून सांगते, कारण माझ्याकडे एक मुलगा आलेला, हुशार, असंच वर्ष करून परत आला आणि विषय सोडून कर्ज फेडायला कॉल सेंटरला लागला. चूक त्याच्या विषयाची नव्हती, घाईची होती.

माझ्या मते क्रम असा ठेवा. एमए हिस्ट्री इथेच करू दे, किंवा पुणे विद्यापीठात डिफेन्स अँड स्ट्रॅटेजिक स्टडीजचा विभाग आहे तो बघू दे, पण तिचा ओढा बघता हिस्ट्रीच बरी. त्याबरोबर मोडी. मोडी म्हणजे तिचं हत्यार आहे, पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो, ते करायचेच. मुंबईच्या पुराभिलेखागारात बॉम्बे प्रेसिडेन्सीच्या लष्करी खात्याची दप्तरं आहेत, ती बघायची सवय लागू दे. मग नेट आणि सेट ह्या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा, नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर महिना ३७,००० रुपये, म्हणजे पीएचडी करताना घरावर भार नाही. दिल्लीला युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन आहे, १८७० पासूनची संस्था, तिथे लष्करी इतिहासावर काम चालतं, तुमच्यासारख्या माजी सैनिकाला तिची ओळख असेलच. इंग्लंडला जायचंय तर ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग स्कॉलरशिपचा विचार करा, त्याला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, फी आणि राहण्याचा खर्च निघतो आणि नंतर दोन वर्षं भारतात परत यावं लागतं, जे तुमच्या घरच्यांना आवडेलच. पीएचडी करताना थोड्या दिवसांसाठी तिकडचे कागद बघायला जायचं असेल तर चार्ल्स वॉलेस ट्रस्टची मदत मिळू शकते. एमपीएससी? देऊ दे हवी तर, पण तिला त्यात रस नसताना तीन-चार वर्षं त्या रांगेत घालवणं हा सेफ ऑप्शन आहे असं मला वाटत नाही, ती रांग पण फार लांब आहे.

आणि तिला काम झेपतंय का हे आधी बघा, कारण हे काम चिकाटीचं आहे. लंडनमध्ये क्यूला नॅशनल अर्काइव्ह्ज म्हणजे तिथलं सरकारी पुराभिलेखागार आहे, तिथे वॉर ऑफिसची म्हणजे जुन्या लष्करी खात्याची दप्तरं, रिटायर झालेल्या शिपायाचं जन्मगाव, धंदा, उंची, वागणूक, जखमा, सगळं नोंदलेलं. पण पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश शिपायांची साधारण साठ टक्के सर्व्हिस रेकॉर्ड्स सप्टेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळून गेली, जी उरली त्यांना आजही जळके कागद म्हणतात. म्हणजे इतिहासकाराला अर्ध्या पानावरून माणूस उभा करायचा असतो, तो पण अंदाजपंचे नाही तर पुराव्याने. दिवसभर बसून एक ओळ हाती लागते, कधी तीही नाही.

तर पहिली परीक्षा घरीच घ्या. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनचा डेटाबेस ऑनलाईन फुकट आहे, त्यात बऱ्याच हिंदी शिपायांच्या नोंदीला बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा दिलेला असतो. गावाचं नाव सरळ टाकून सापडणार नाही, कारण लिहून घेणाऱ्याने कानाला आलं तसं लिहिलंय, खडकीचं किरकी करणारे लोक ते. तेव्हा तिने गावाच्या नावाची होतील तेवढी वेडीवाकडी स्पेलिंगं करून शोधायचं, आडनावांची पण. लंडनचा संशोधक इथेच अडकतो, तुमची लेक नाही अडकणार, तिला माहितीय गावात कुठली आडनावं आहेत आणि कुठल्या वाडीत.

आणि तुम्ही पण बसा तिच्याबरोबर. पेन्शनचे कागद, पलटणीचे नंबर, हुद्दे तुम्हाला वाचता येतात, तिला अजून नाही. गावातल्या जुन्या घरांत विचारा, कुणाकडे आजा-पणजाचं मेडल ट्रंकेत असेल. त्या काळच्या मेडलच्या कडेवर बारीक अक्षरात शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते, भिंग लावून वाचा आणि फोटो काढा. फक्त चिंच किंवा राखेने घासू देऊ नका कुणाला, घासून घासून कडेची अक्षरं जातात. जेवढी नावं मिळतील तेवढी वहीत लिहून ठेवा आणि पाटीच्या आकड्याशी ताडून बघा. दिवाळीनंतर दोघं पुण्याला या, वही घेऊन या, आपण तिथून पुढे ठरवू.