सॅन होजेला येणाऱ्या दहावीतल्या मुलीसाठी: इलेक्टिव्ह कोणते घ्यावेत?

तुमचे प्रश्न दोन आहेत. मुलीची नववी पुण्यात सेमी-इंग्लिशमधून झाली आहे आणि ऑगस्टमध्ये तुम्ही कॅलिफोर्नियात सॅन होजेला येताय, तर दहावीचं बोर्ड करूनच यावं का? आणि इथल्या हायस्कूलमध्ये इलेक्टिव्ह, म्हणजे आपण निवडायचे ऐच्छिक विषय, म्हणून काय घ्यावं?

बोर्डासाठी थांबू नका. इथे हायस्कूल नववी ते बारावी असं चार वर्षांचं असतं आणि कॉलेजवाले एका परीक्षेचे टक्के नाही, दरवर्षीचे विषय आणि ग्रेड बघतात. आत्ता आली तर तिला तीन वर्षं मिळतील. दहावी करून आली तर, कॉलेजचे अर्ज बारावीच्या पहिल्या सेमिस्टरमध्येच जात असल्याने, त्यात दाखवायला इथलं पूर्ण झालेलं असं एकच वर्ष असेल.

आता इलेक्टिव्ह. आपल्याकडे अकरावीला एकदा सायन्स की कॉमर्स ठरलं की फार तर बायफोकल घ्यायचं की नाही एवढाच प्रश्न उरतो. इथे शाखा नाहीत, दरवर्षी विषय नव्याने निवडायचे असतात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया (यूसी) आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी (कॅल स्टेट) या राज्याच्या दोन्ही सरकारी विद्यापीठांच्या प्रवेशासाठी ‘ए-जी’ नावाची यादी आहे: इतिहास २ वर्षं, इंग्रजी ४, गणित ३, सायन्स २, परकी भाषा २, कला १ आणि कॉलेजच्या तयारीचं इलेक्टिव्ह १, असे एकूण १५ वर्षभराचे कोर्स. यूसी गणिताची चार आणि सायन्सची तीन वर्षं केलेली बरी, असं स्वतःच सुचवते. शाळा पास होण्याची राज्याची अट मात्र बरीच कमी आहे, गणित दोनच वर्षं. त्यामुळे शाळा पास झालेलं मूल यूसीला अर्ज करायला पात्र असेलच असं नाही, आणि हे शाळेतून कोणी आपणहून सांगेलच असंही नाही.

प्रत्येक इलेक्टिव्ह या यादीत मोजलं जात नाही. पीई (शारीरिक शिक्षण) लागतंच, पण ए-जीत धरत नाहीत. शिक्षकांना मदत करण्याचा तास तर अजिबातच नाही. यूसीच्या ए-जी कोर्स लिस्टमध्ये शाळेचं नाव टाकलं की त्या शाळेचे कोणते कोर्स मान्य आहेत ते दिसतं. विषय निवडीचा फॉर्म भरण्याआधी ती यादी उघडा. आणि ग्रेड सी किंवा वर हवी. शाळेत डी मिळाली तरी पास करतात, पण ए-जीसाठी तो विषय धरला जात नाही.

तुमच्या मुलीची एक जमेची बाजू आहे. सहावी किंवा त्यापुढची किमान दोन वर्षं इंग्रजीखेरीज दुसऱ्या माध्यमात शिकलेल्या मुलांची परकी भाषेची अट त्या शिक्षणावर पूर्ण होऊ शकते. सेमी-इंग्लिशमध्ये इतिहास-भूगोल मराठीतूनच असतात. म्हणून शाळेकडून माध्यम आणि मराठीतून शिकलेले विषय स्पष्ट लिहिलेलं पत्र घेऊन या आणि ते इथल्या शाळेच्या काउन्सिलरकडून (विषय निवडायला मदत करणारा सल्लागार) मान्य करून घ्या. ते झालं तर वेळापत्रकात दोन वर्षांची जागा मोकळी होते, आणि चांगले इलेक्टिव्ह बसतात ते अशाच जागेत.

त्या जागेत आपले बहुतेक पालक डोळे मिटून कॉम्प्युटर सायन्स घालतात. मुलीला आवड असेल तर जरूर घ्या, एपी, म्हणजे हायस्कूलमध्येच शिकवल्या जाणाऱ्या कॉलेजच्या पातळीच्या कोर्सपैकी, कॉम्प्युटर सायन्स ए मध्ये जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा नीट शिकवतात. पण माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडून येणाऱ्या मुलांना खरी गरज लिहिण्याची आणि बोलण्याची असते. पाठ केलेलं उत्तर इथे चालत नाही. एखादा लेख वाचून त्याचा मुद्दा कुठे लंगडा पडतो ते सांगावं लागतं. डिबेट, जर्नलिझम, एपी सेमिनार यांत हेच घोटून घेतात. एपी सेमिनारमध्ये गटाचा प्रकल्प असतो, स्वतःचा २,००० शब्दांचा निबंध असतो आणि वर्गासमोर मांडणी करावी लागते. माझ्या मुलीने दोन वर्षं शाळेच्या वर्तमानपत्रात काम केलं. कॉलेजात पहिल्याच सेमिस्टरला पेपर लिहायची वेळ आली तेव्हा तिला त्याचाच आधार झाला, एकाही एपीचा तेवढा झाला नाही. शाळेत ‘अविड’ नावाचं इलेक्टिव्ह असेल तर त्याचीही चौकशी करा. ते १९८० मध्ये सॅन दिएगोच्या एका शाळेत सुरू झालं. त्यात टिपणं कशी काढायची, प्रश्न कसे विचारायचे, गटात अभ्यास कसा करायचा हेच शिकवतात. प्रवेश मुलाखत घेऊन देतात आणि घरातून पहिल्यांदा कॉलेजात जाणाऱ्या मुलांना प्राधान्य असतं, पण नव्या देशात आलेल्या मुलीसाठी विचारायला हरकत नाही.

एपींची रास मात्र लावू नका. यूसी जीपीए (ग्रेडची सरासरी) काढताना एपीसारख्या अवघड कोर्सचे जादा गुण जास्तीत जास्त आठ सेमिस्टरचेच धरते, म्हणजे वर्षभराचे चार कोर्स. अवघड विषय किती घेतले हे ते बघतात, तरी रात्री दोनपर्यंत जागून सात एपी करणारी मुलं मी पाहिली आहेत आणि त्यांच्याकडे बघवत नाही. मे महिन्यातल्या एपी परीक्षेत ५ पैकी ३ मिळाले तरी यूसी क्रेडिट देते. दुसरा उत्तम मार्ग म्हणजे जवळच्या कम्युनिटी कॉलेजमध्ये (दोन वर्षांचं स्थानिक सरकारी कॉलेज) एखादा कोर्स. हायस्कूलच्या मुलांना ट्यूशन फी बहुतेक ठिकाणी माफ असते, आणि तिथला एका सेमिस्टरचा कोर्स ए-जीत साधारणपणे हायस्कूलच्या वर्षभराएवढा धरतात. मानसशास्त्र, अर्थशास्त्र, जे आवडेल ते बघता येतं.

गणिताचं आधी बघा. आपल्याकडे नववीत गणित भाग १ आणि भाग २, म्हणजे बीजगणित आणि भूमिती, बरोबरीने होतात. इथे अल्जिब्रा १, मग जॉमेट्री, मग अल्जिब्रा २ अशी वर्षं लागतात. मार्कशीट वाचता आली नाही की शाळा मुलीला सरळ खालच्या पायरीवर बसवते. प्लेसमेंट टेस्ट मागून घ्या. दहावीत अल्जिब्रा २ मिळालं तर अकरावीत प्रीकॅल्क्युलस आणि बारावीत कॅल्क्युलस किंवा स्टॅटिस्टिक्स जमतं.

विषयांची निवड वसंतातच, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये होऊन जाते. ऑगस्टपर्यंत चांगले वर्ग भरलेले असतात. म्हणून पत्ता पक्का झाला की लगेच नाव नोंदवा, काउन्सिलरला ईमेल करा, आठवी-नववीच्या मार्कशीट आणि गणिताच्या पुस्तकांच्या अनुक्रमणिकेचे फोटो जोडा आणि हव्या असलेल्या वर्गांच्या वेटिंग लिस्टवर नाव घालायला सांगा. शाळा सुरू झाल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांत बरीच मुलं विषय बदलतात आणि जागा निघतात, तेव्हा रोज जाऊन विचारायचं.