खानदेशात राहून मुलांसाठीची जुनी विज्ञानाची पुस्तके कशी जमवावीत?

आधी रद्दीवाल्यांशी ओळख करा. वाडा पाडायला निघाला की माळ्यावरची पुस्तके त्यांच्याकडेच किलोच्या भावाने जातात. 'पदार्थविज्ञान' किंवा 'सृष्टिज्ञान' अशी नावे दिसली की थांबाच. 'सृष्टिज्ञान' हे मासिक १९२८ पासूनचे आहे. त्याचे सुटे अंकही घ्या.

पुस्तकाचे वय ठरवायला मुखपृष्ठाच्या आतले पान पाहा. फक्त शक दिला असेल तर ७८ मिळवा, इसवी सन निघतो (वर्षअखेरीच्या महिन्यांत ७९). शाळेचा शिक्का तर मला छपाईइतकाच मोलाचा वाटतो. १९०६ साली खानदेशाचे दोन जिल्हे झाले, म्हणून शिक्क्यावर 'पूर्व खानदेश' असेल तर तो त्यानंतरचाच. असा शिक्का खोडू नका, त्या पुस्तकातून आपल्याकडची मुले शिकली याचा तो पुरावा आहे. मात्र ग्रंथालयाचा शिक्का असेल तर पुस्तक रीतसर रद्द झाले आहे का, हे त्या ग्रंथालयात विचारूनच घ्या.

फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीच लावू नका, डाग कायमचा राहतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात जुना कागद कडकडीत होतो, पत्र्याखालच्या माळ्यावर तर नकोच. पावसाळ्यात कसर (कागद खाणारी कीड) लागली का ते बघत राहा.