मुलीनं कर्णबधिरांच्या संघात जावं का?

प्रश्न: ताई, नमस्कार. माझी मुलगी जन्मापासून कर्णबधिर आहे. आता वीस वर्षांची आहे, बी.कॉम. करते. लहानपणापासून वाचाउपचार केले, ओठांवरून ती बरंच ओळखते. अलीकडे दर रविवारी ती जिल्ह्यातल्या कर्णबधिरांच्या संघात जाते. तिथं सगळं हातांनीच चालतं. घरी येते तेव्हा खुशीत असते. पण हे आणि सासूबाई म्हणतात, एवढी वर्षं बोलायला शिकवलं ते वाया जाईल, ही त्यांच्यातच अडकेल. मुलगी सांगते की अमेरिकेत कर्णबधिरांची स्वतःची फार जुनी संघटना आहे. ती कशी उभी राहिली? तिनं खरंच काही केलं, की नुसती संमेलनं भरवली? – एक आई, सांगली

उत्तर: लेक म्हणते ती संघटना म्हणजे ‘नॅशनल असोसिएशन ऑफ द डेफ’. 1880 च्या ऑगस्टअखेरीस ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरात ती स्थापन झाली. माझे आईवडील दोघंही कर्णबधिर, मी ऐकणारी. बँकेत, दवाखान्यात, कोर्टात दुभाषी म्हणून मी उभी राहते. त्यामुळे ही हकिगत मला कधी परक्या देशाची वाटली नाही.

संघटनेची गरज का पडली ते आधी सांगते. बहिऱ्या मुलांना फक्त तोंडानं बोलायला शिकवावं, खुणा करूच देऊ नयेत, असं मत त्या काळात युरोप-अमेरिकेत जोर धरत होतं. सिनसिनाटीच्या बैठकीनंतर दोन आठवडे व्हायच्या आत इटलीत मिलान इथं बधिरांच्या शिक्षणावर परिषद भरली. 164 प्रतिनिधींमध्ये स्वतः बहिरा असा एकच, अमेरिकेचा जेम्स डेनिसन. 160 विरुद्ध 4 मतांनी तिथं ठरलं की शिकवण्यात खुणांपेक्षा बोलणंच श्रेष्ठ. त्यानंतर युरोपातल्या शाळाशाळांतून हातांची भाषा हद्दपार झाली आणि बहिऱ्या शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. त्या विचाराची सावली आपल्या शाळांवरही बरीच वर्षं होती. माझी आई शिकली तिथं मुलांना हात मांडीखाली दाबून बसवत. सत्तरी ओलांडली तरी शाळेचा विषय निघाला की तिचे हात आपोआप पदराखाली जातात.

सिनसिनाटीत मात्र बोलावणारेही बहिरे आणि येणारेही बहिरे. एवढ्या मोठ्या देशात विखुरलेली ही माणसं एकमेकांना सापडली कशी, हा भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. तिथल्या निवासी शाळांत मुलांना छपाईचं काम शिकवत. शाळा आपापली छोटी वृत्तपत्रं काढत आणि एकमेकींना पाठवत. नोकरी कुठं आहे, कोणाचं लग्न झालं, कोणती शाळा खुणा बंद करते आहे, हे सगळं त्यांत येई. टेलिफोन नुकताच निघाला होता, पण यांच्या तो काय कामाचा? यांचं गाव कागदावर वसलेलं होतं. सिनसिनाटीच्या बैठकीत सुरुवातीला अध्यक्षस्थानी बसवलेले एडमंड बूथ सत्तरीचे होते. सोनं शोधायला कॅलिफोर्नियाला जाऊन आलेले, पुढं आयोवातल्या ॲनामोसा गावी वृत्तपत्र चालवणारे. पहिले अध्यक्ष झाले रॉबर्ट मॅग्रेगर, शिक्षक आणि स्वतः बहिरे. माझे वडीलही छापखान्यात कंपोझिटर होते, आयुष्यभर खिळे जुळवले. बूथांबद्दल मी त्यांना हातांनी सांगितलं, तेव्हा त्यांनी ते मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

आता ‘काही केलं का?’ एक उदाहरण नोकरीचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या केंद्र सरकारनं नागरी सेवेच्या परीक्षांना बसायला बहिऱ्यांना मनाई केली. संघटनेनं अर्ज, पत्रं, भेटी यांचा पिच्छा सोडला नाही आणि 1908 मध्ये ती मनाई उठली. पुढं मोटारी आल्यावर काही राज्यांनी बहिऱ्यांना वाहन परवाना नाकारला, तेव्हाही हीच संघटना भांडली.

दुसरं उदाहरण तुमच्या घरातल्या वादाशी थेट जोडलेलं आहे. 1904 ते 1910 जॉर्ज व्हेडिट्झ हे अध्यक्ष होते. आठव्या वर्षी तापात त्यांचं ऐकणं गेलं, म्हणजे त्यांना बोलता येत होतं. तरी त्यांना दिसत होतं की शाळांमधून खुणा अशाच काढून टाकत गेले, तर पुढच्या पिढीला चांगली भाषा बघायलाही मिळणार नाही. लिहून ठेवावी तर हातांची भाषा कागदावर उतरत नाही. सिनेमा तेव्हा बाल्यावस्थेत होता. संघटनेनं वर्गणीतून 5,000 डॉलरचा निधी उभा करायचं ठरवलं आणि उत्तम खुणा करणाऱ्या जुन्या माणसांना कॅमेऱ्यासमोर उभं केलं. 1913 मध्ये व्हेडिट्झ स्वतः उभे राहिले. मूकपट, एकटा माणूस, अंगात कोट. जगात बहिरी माणसं आहेत तोवर खुणा राहतील, आणि ही देवानं आम्हाला दिलेली सर्वांत थोर देणगी आहे, असं ते त्यात सांगतात. 2010 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं जतन करायच्या चित्रपटांच्या यादीत तो घेतला. हे चित्रण आज इंटरनेटवर सहज सापडतं. लेकीबरोबर बसून बघा. व्हेडिट्झांची एक खूणही कळली नाही तरी त्यांची तळमळ तुम्हाला कळेल.

या संघटनेनं केलेला अन्यायही सांगते, कारण तो झाकला तर तुम्हाला अर्धंच उत्तर मिळेल. 1925 मध्ये तिनं कृष्णवर्णीय बहिऱ्यांना सदस्यत्व बंद केलं आणि ते चाळीस वर्षं, 1965 पर्यंत बंद ठेवलं. स्वतः दाराबाहेर राहण्याचं दुःख जाणणाऱ्यांनी आपल्याच माणसांना बाहेर ठेवलं, हे वाचताना मला फार त्रास होतो. कृष्णवर्णीय बहिऱ्यांनी 1982 मध्ये आपली वेगळी राष्ट्रीय संघटना काढली. बायकांनाही मताचा हक्क 1960 च्या दशकापर्यंत नव्हता. पहिली स्त्री अध्यक्ष, गर्ट्रूड गॅलोवे, 1980 मध्ये झाली, म्हणजे स्थापनेला शंभर वर्षं झाल्यावर.

अलीकडचं थोडक्यात: ‘नेटफ्लिक्स’वरच्या सगळ्या कार्यक्रमांत बोललेलं पडद्यावर लिहून दिसावं (कॅप्शन) म्हणून ही संघटना कोर्टात गेली आणि 2012 च्या तडजोडीत कंपनीनं दोन वर्षांत ते पूर्ण करायचं मान्य केलं. कोविडच्या काळात व्हाइट हाउसच्या निवेदनांना दुभाषी नव्हता, तोही 2020 मध्ये कोर्टाच्या आदेशानं मिळवला.

आता यजमानांना आणि सासूबाईंना काय सांगाल? बोलणं शिकलेली मुलगी खुणा शिकल्यानं बोलणं विसरत नाही. व्हेडिट्झ विसरले नव्हते. ओठांवरून वाचणं किती दमवणारं असतं ते लेकीला विचारा. मिशी असलेला माणूस, पाठमोरा मास्तर, चार जण एकदम बोलणारी जेवणाची पंगत, या सगळ्यांत आठवडाभर ती अंदाजानं चालते. रविवारी तिला अंदाज करावा लागत नाही, म्हणून ती खुशीत येते. ‘त्यांच्यात अडकेल’ म्हणता, पण घरातल्या कोणालाच खुणा येत नसतील तर ती आज तुमच्यात तरी कितपत आहे? हे मी दुखवायला लिहीत नाही. माझ्या आजीनं माझ्या आईशी शेवटपर्यंत फक्त ‘जेव’, ‘ये’, ‘जा’ एवढंच बोलणं केलं, आणि ते मी पाहिलं आहे.

एखाद्या रविवारी तुम्ही तिच्याबरोबर जा. अध्यक्ष आणि खजिनदार स्वतः कर्णबधिर आहेत का, हिशेब सभेपुढं ठेवतात का, मुली उठून मत मांडतात का, खेड्यातून आलेल्या, शाळा न पाहिलेल्या माणसाला कोणी शेजारी बसवून घेतं का, हे बघा. या गोष्टी नीट असतील तर तिला अडवू नका. नसतील, तर तुमची बी.कॉम. होणारी लेक तिथले हिशेब लिहायला घेऊ शकते. खुणा तुम्हालाही शिकायच्या असतील तर आधी तिलाच शिकवायला सांगा, रोज स्वयंपाक करताना पाच-सहा.