मतदानाच्या आधीचे महिने

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

निरीक्षक म्हणून निवड झाल्याचं तुझं पत्र वाचून फार आनंद झाला. मतदानाच्या दिवशी नेमकं काय बघायचं, असं तू विचारलंस. त्या दिवसाचा छापील तक्ता तुला मिळेलच. मला सांगायचंय ते त्याआधीच्या महिन्यांबद्दल.

दक्षिण आफ्रिकेत जून 1992 मध्ये बोइपाटोंग नावाच्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत चाळीसच्या वर माणसं मारली गेली आणि वर्णभेदाची राजवट संपवण्यासाठी सरकार आणि आफ्रिकन नॅशनल काँग्रेस यांच्यात चाललेल्या वाटाघाटी मोडल्या. ऑगस्टमध्ये सुरक्षा परिषदेने 772 क्रमांकाचा ठराव केला आणि संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक निघाले. सुरुवातीला जेमतेम पन्नास. एवढ्याशा माणसांनी करायचं काय? मोर्चाच्या आधीच्या बैठकीत जाऊन बसायचं. एका बाजूला पोलीस, समोर संयोजक. रस्ता कुठला, निघायचं किती वाजता, थांबायचं कुठे. निरीक्षकाला हुकूम सोडायचा अधिकार नाही. पण तिऱ्हाईत माणूस वही उघडून बसलाय म्हटल्यावर दोन्हीकडच्यांचा आवाज खाली येतो, दिलेला शब्द फिरवणं जड जातं. मग तीच वही घेऊन मोर्चाबरोबर चालायचं. सरकार आणि पक्षांमधल्या 1991 च्या शांतता करारातून उभ्या राहिलेल्या स्थानिक समित्यांची माणसंही बरोबर असायची. खरी जोखीम त्यांची होती. आपल्याला परतीचं तिकीट असतं, हे कधी विसरू नकोस.

मी निवडणुकीच्या वेळी गेलो, एप्रिल 1994 मध्ये. तोवर बहिष्कार घालून बसलेला इंकाथा हा झुलू लोकांचा पक्ष मतदानाला आठवडा उरला असताना निवडणुकीत आला. मतपत्रिका तोवर छापून झाल्या होत्या, म्हणून तळाशी त्याच्या नावाची पट्टी हाताने चिकटवायची होती. माझ्या केंद्रावर, नाताळ प्रांतातल्या एका शाळेत, दोन बायका बाकावर बसून एकेक पट्टी अंगठ्याने दाबत होत्या. बाहेर रांग पार रस्त्यापर्यंत. केंद्र चार तास उशिरा उघडलं. मी लिहिलं, ‘केंद्राध्यक्ष निष्काळजी.’ दुपारी कळलं, मतपेट्या आल्या नाहीत म्हणून तो गृहस्थ पहाटे तीनला स्वतःची गाडी काढून गोदामावर गेला होता. उशीर मी पाहिला होता, निष्काळजीपणा मनाने जोडला होता. त्या ओळीची मला अजून लाज वाटते. म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं, कोणाकडून ऐकलेलं आणि स्वतःला वाटलेलं यांची पानंच वेगळी ठेव.

शेवटी सगळे तुझ्याकडून एकच शब्द मागतील: निवडणूक बरी झाली की वाईट? तिथे निवडणूक आयोगाने ‘बऱ्याच अंशी मुक्त आणि न्याय्य’ असं म्हटलं. क्वाझुलू-नाताळमधल्या मतमोजणीबद्दल गंभीर तक्रारी होत्या. पक्षांच्या नेत्यांनी त्या ताणल्या नाहीत. मला ती तडजोड आजही पटते, कारण नाही तर पुन्हा रक्त सांडलं असतं. पण तडजोड करणं नेत्यांचं काम. तुझ्या वहीत मात्र न जुळलेला आकडा न जुळलेलाच राहिला पाहिजे, मग वरिष्ठ कितीही घाई करोत.

वही शिवलेल्या बांधणीची घे, सुट्या पानांची नको. आणि पोचल्यावर तिथल्या भाषेत ‘तुम्ही कधीपासून उभे आहात?’ हे कसं विचारतात, ते आधी शिकून घे.

तुझे,
सर