चुंबकीय क्षेत्राचं शून्य अणूंपाशी हवं

प्रश्न : आम्ही रुबिडियम-८७ लेझरनं थंड करतो. निर्वात कक्षाबाहेर लावलेला, चुंबकीय क्षेत्र मोजणारा हॉल प्रोब शून्य दाखवतो, तरी सापळ्याची कॉइल बंद केली की अणूंचा ढग एका बाजूला सरकतो आणि हवा तेवढा थंड होत नाही. अणूंच्या फ्लुरोसन्सवरून, म्हणजे लेझर पडल्यावर ते सोडतात त्या चमकेवरून, तिथलं क्षेत्र मोजता येईल का?
– एक संशोधक विद्यार्थिनी

उत्तर : येईल, आणि भरवसा त्याच आकड्यावर ठेवा. प्रोब अणूंपासून काही सेंटीमीटर दूर असतो. निर्वात राखणाऱ्या आयन पंपाच्या चुंबकाचं क्षेत्र एवढ्या अंतरातही बदलतं.

नुसत्या चमकेवरून मात्र क्षेत्र ठरवू नका. क्षीण क्षेत्रानंही फ्लुरोसन्सचं ध्रुवण (प्रकाशलहरींच्या कंपनाची दिशा) बदलतं, हे भौतिकशास्त्रज्ञ हान्ले यांनी १९२४ मध्येच दाखवलं होतं. पण चमक लेझरच्या ताकदीवर आणि अणूंच्या संख्येवरही हलते. मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते, प्रकाशाला फक्त मोजणीचं काम द्या, क्षेत्र वारंवारतेवरून काढा.

रीपंप, म्हणजे खालच्या पातळीत घसरलेले अणू परत वर आणणारा लेझर, आधी बंद करा, म्हणजे अणू F=१ या खालच्या पातळीत जमतील. मग सगळा प्रकाश बंद. हे काटेकोर पाळा; उरलेला प्रकाशही रेषा, म्हणजे अणू ज्या वारंवारतेला पातळी बदलतात ती, सरकवतो. आता ६.८३४ गिगाहर्ट्झच्या आसपास मायक्रोवेव्हचा पल्स द्या आणि मग रीपंपशिवाय, फक्त थंड करणारा लेझर लावून F=२ या वरच्या पातळीवर चमकणारे अणू मोजा. पल्सची वारंवारता दर फेरीला थोडी सरकवत गेलात की क्षेत्रानं विभागलेल्या सात रेषा उमटतील. शेजारच्या रेषांमधलं अंतर गॉसमागे (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) ०.७ मेगाहर्ट्झ, म्हणजे एका मिलिगॉसला ७०० हर्ट्झ. एक मिलिसेकंदाच्या पल्सनं रेषा साधारण एक किलोहर्ट्झ रुंद येते, त्यामुळे मिलिगॉसपर्यंत सहज पोचाल. मधली रेषा जवळजवळ हलत नाही. मोजायच्या त्या तिच्या आजूबाजूच्या.

शून्याजवळ रेषा एकमेकींत मिसळतात. म्हणून एका अक्षावर मुद्दाम क्षेत्र ठेवून दुसऱ्या अक्षाच्या कॉइलचा प्रवाह बदला. रेषांमधलं अंतर जिथे सर्वांत कमी, तिथे त्या अक्षाचं शून्य. तिन्ही अक्षांसाठी हेच करा.

तुमच्या बाबतीत मला जास्त शंका आहे ती एडी करंटची, म्हणजे क्षेत्र बदलताना धातूत उमटणाऱ्या प्रवाहांची. कक्ष स्टीलचा असेल तर कॉइल बंद झाल्यावरही काही मिलिसेकंद क्षेत्र रेंगाळतं, आणि संथ प्रोबला ते दिसतच नाही. कॉइल बंद केल्यावर पल्स आधी २ मिलिसेकंदांनी, मग ५, मग १० मिलिसेकंदांनी देऊन पाहा. मात्र ही सगळी मापनं विजेच्या ५० हर्ट्झच्या लहरीशी जुळवून, पल्स दर वेळी तिच्या त्याच टप्प्यावर येईल अशी करा. नाहीतर वायरिंगचं क्षेत्र आणि एडी करंट वेगळे ओळखता येणार नाहीत.